रमजानमध्ये कुरआनची एकेक आयत रोजच्या वागण्यात कशी आणावी

कुरआनच्या सूरह बकरा या अध्यायाच्या तेविसाव्या रुकूत, म्हणजे परिच्छेदात, रोजाचे हुकूम आहेत. रोजे का फर्ज (बंधनकारक) झाले, आजाऱ्याने आणि प्रवाशाने काय करायचं, पहाटे कुठवर खायचं-प्यायचं, हे सगळं १८३ ते १८७ या पाच आयतींत, म्हणजे वचनांत, येतं. लगेच पुढची १८८वी आयत म्हणते, एकमेकांचा माल नाहक खाऊ नका, आणि लोकांचा माल गिळण्यासाठी तो हाकिमांपर्यंत (अधिकाऱ्यांपर्यंत) पोहोचवू नका. वाचताना वाटतं की विषय बदलला. पण आपल्याकडच्या छापील कुरआनात रुकू संपल्याची खूण १८७व्या आयतीवर नाही, १८८व्यावर आहे. रोजाची गोष्ट दुसऱ्याच्या मालाशी येऊन थांबते.

हे मला अब्बांनी आमच्या किराणा दुकानात दाखवलं. मी तेव्हा शाळेत होते. रमजानची दुपार होती, आणि मी पिशवीचं वजन वजा न करता एका बाईंना शेंगदाणे मोजून दिले. अब्बांनी त्यांना परत बोलावलं, मूठभर दाणे पिशवीत टाकले, आणि त्या गेल्यावर मला म्हणाले, ‘‘घरातलं हलालचं अन्न तू दिवसभर सोडलंस बेटा, आणि गिऱ्हाइकाचे वीस ग्रॅम सोडवेनात?’’ त्या रात्री त्यांनी मला १८८वी आयत काढून दिली. महिन्याभरात कुरआनच्या तीस भागांपैकी किती पारे झाले हे मी अजूनही मोजते, पण त्याबरोबर एकेक आयत वागण्यात उतरवायची रीत तेव्हापासून लागली. ती कशी करायची ते लिहिते.

आधी दोष शोधा, मग आयत

सुरुवात रमजानआधीच्या शाबान महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच करा. एक साधी वही घ्या आणि वर्षभरात घरच्यांनी तुम्हाला ज्यावरून वारंवार टोकलं ते लिहा. ‘माझा स्वभाव सुधारेन’ असं लिहून हाती काही लागत नाही. ‘असरनंतर (तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर) मी मुलांवर खेकसते’ इतकं नेमकं लिहा. अशा दोन-तीन गोष्टी पुरेत. महिन्याचे आपण तीन अशरे, म्हणजे दहा-दहा दिवसांचे भाग, मानतोच, तर दहा दिवसांना एक आयत असा हिशोब सोपा जातो.

आता त्या दोषावर बोट ठेवणारी आयत शोधा. रागासाठी सूरह आले इमरानची १३४वी आहे. जिभेसाठी सूरह हुजुरातच्या ११ आणि १२. मापात हात आखडत असेल तर सूरह मुतफ्फिफीनच्या पहिल्या तीन. म्हाताऱ्या आईवडिलांवर चिडचिड होत असेल तर सूरह बनी इस्राईलची २३वी, जिथे त्यांना ‘उफ’सुद्धा म्हणू नका असं सांगितलंय. मला आवडते म्हणून आयत निवडायची नाही. वाचताना जिच्यापाशी आपल्याला अवघडल्यासारखं होतं, ती घ्यायची.

तिलावतीची (पठणाची) वेळ वेगळी, अर्थाची वेगळी

खतम करण्याची, म्हणजे कुरआन पूर्ण वाचण्याची, नियत असेल तर पंधरा ओळींच्या मुसहफात (छापील प्रतीत) एक पारा साधारण २० पानांचा असतो. पाचही नमाजांनंतर चार-चार पानं वाचली की तीस दिवसांत कुरआन पूर्ण होतो. ते चालू ठेवा. निवडलेल्या आयतीला मात्र फजरनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) दहा मिनिटं स्वतंत्र द्या. आधी अरबी सावकाश वाचा, मग तर्जुमा (भाषांतर), मग तिच्या मागच्या-पुढच्या चार-पाच आयतींचा तर्जुमा. एकटी आयत उचलली तर तिचा अर्थ आपल्याला हवा तसा वळवला जातो. उर्दू पुरेशी कळत नसेल तर मराठी भाषांतर घ्या, त्यात कमीपणा नाही. ज्या भाषेत आपण भांडतो आणि हिशोब करतो, त्याच भाषेत आयत मनात शिरली पाहिजे. मसल्याचा, म्हणजे धार्मिक नियमाचा, प्रश्न असेल तर मात्र आपापला अर्थ लावत बसू नका, आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारा.

आयतीला एक वेळ आणि एक माणूस जोडा

सगळी रीत या टप्प्यावर उभी राहते किंवा पडते. ‘आज राग आवरायचा’ हे सकाळी ठरवलेलं दुपारपर्यंत विरून जातं. राग कधी येतो आणि कुणावर येतो हे आधी माहीत हवं.

आले इमरानच्या आयतीत सुखात आणि तंगीतही खर्च करणारे, राग गिळणारे आणि लोकांना माफ करणारे यांचं वर्णन आहे, आणि नेकी करणारे अल्लाहला प्रिय आहेत असं शेवटी म्हटलंय. राग गिळणाऱ्यांसाठी तिथे ‘काजिमीन’ हा शब्द येतो. त्याच मुळापासून अरबीत पाण्याने भरलेल्या पखालीचं तोंड बांधण्यासाठी शब्द आहे. मला हे कळलं तेव्हा मोठा दिलासा वाटला. पखाल रिकामी असावी असं आयत म्हणतच नाही. राग येणारच, तोंड बांधायचं आहे.

आमच्या घरी पखाल फुटायची वेळ असर ते मगरिब, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेपर्यंत. पोटात काही नाही, डोकं दुखतंय, कढईत भजी, आणि त्यातच कुणीतरी विचारतं, शरबत अजून झालं नाही का? म्हणून मी पहिल्या अशऱ्यात त्या दोन तासांतली शक्य ती कामं दुपारीच उरकते. फळं मात्र दुसऱ्या कुणालातरी चिरायला देते. आवाज चढतोय असं वाटलं की उठून वजू करते, म्हणजे नमाजेआधी धुतो तसे हात-पाय-तोंड धुते. कुणी भांडायला आलं तर ‘मी रोजेदार आहे’ असं म्हणावं, ही हदीस (पैगंबरांचं वचन) सगळ्यांना पाठ असते. मी ते समोरच्याला कमी आणि स्वतःला जास्त ऐकवते.

तोंड बांधून झालं की आयतीतली पुढची पायरी माफीची. मगरिबच्या अजानआधी दस्तरखानावर सगळे दुआ करत बसतात, तेव्हा दिवसभरात जिच्यावर किंवा ज्याच्यावर चिडलात त्याचं नाव घेऊन अल्लाहजवळ माफीची दुआ करा. तिसरी पायरी नेकीची. पहिला खजूर आपल्या हाताने त्या माणसाला द्या. शब्द एकही बोलावा लागत नाही. आमच्याकडे मुलांना हे न सांगता कळलं.

जिभेचा रोजा

हुजुरातच्या अकराव्या आयतीत थट्टा करू नका, टोमणे मारू नका, वाईट टोपणनावांनी हाका मारू नका असं येतं. बाराव्यात संशय, दुसऱ्याच्या गोष्टींत नाक खुपसणं आणि गीबत, म्हणजे पाठीमागे केलेली निंदा. गीबतीला तिथे मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय. रोजात आपण घोटभर पाण्यालाही घाबरतो, आणि तरावीहनंतर (रमजानच्या रात्रीच्या खास नमाजेनंतर) मशिदीबाहेर चहाच्या कपाबरोबर भावाचं मांस वाटून खातो. बुखारींच्या संग्रहात हदीस आहे की जो खोटं बोलणं आणि तसं वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडावं याची अल्लाहला गरज नाही.

करायचं इतकंच. गल्लीत ज्यांना आपण लंगडा, काळ्या, ठेंगणी म्हणतो त्यांना दहा दिवस त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारा. गैरहजर माणसाचा विषय निघाला की त्याच्या एखाद्या चांगल्या कामाची आठवण काढा, नाहीतर उठा. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाची बातमी आली तर पुढे पाठवू नका.

पैशाची वही उघडा

मला सगळ्यांत जास्त हेच सांगायचंय, कारण इथे आपण सर्वांत लवकर निसटतो.

कुरआनची सर्वांत लांब आयत बकराची २८२वी आहे. ती कशाबद्दल असेल? मुदतीचं कर्ज लिहून ठेवण्याबद्दल. लहान असो की मोठं, लिहायला कंटाळू नका असंही तिच्यात येतं. दुसऱ्या अशऱ्यात एका रात्री बसा आणि दोन रकाने पाडा, आपण कुणाचं देणं लागतो आणि आपलं कुणाकडे येणं आहे. भावाकडून हातउसने घेतलेले, रिक्षावाल्याचे राहिलेले, कामवाल्या ताईंच्या पगारातून कापलेले दोन दिवस, सगळं लिहा. देणं ईदच्या कपड्यांआधी फेडा. एकदम जमत नसेल तर त्या माणसाला भेटून तारीख द्या. त्याचं तोंड चुकवणं बंद होतं, आणि तेही कमी नाही.

येण्याच्या रकान्यासाठी २८०वी आयत आहे. कर्जदार अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्या, आणि माफच केलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं. अब्बा दर रमजानमध्ये उधारीची वही पाहून ज्यांच्या घरी आजारपण किंवा बेकारी आहे अशी काही नावं खोडायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे, तुमचं खातं मिटलं. कसं मिटलं ते सांगायचे नाहीत.

जकातीचा, म्हणजे संपत्तीवरच्या बंधनकारक दानाचा, हिशोब अंदाजाने करू नका. साडेसात तोळे सोनं, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, हा आपल्याकडे धरला जाणारा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा. तेवढी मिळकत एक चांद्रवर्ष आपल्याकडे असेल तर अडीच टक्के. दुकानदारांनी विक्रीचा मालही धरायचा. रोकड आणि माल दोन्ही असतील तर मशिदीतल्या आलिमांसमोर वही ठेवून हिशोब तपासून घ्या. देताना बकराच्या २६४व्या आयतीचं भान ठेवा. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका (दान) वाया घालवू नका, असं ती सांगते. धान्याचं किट घेताना बाईचा फोटो काढणं हे मला त्या आयतीच्या थेट विरुद्ध वाटतं. बंद पाकीट द्या, संध्याकाळी द्या, आणि वाटेत भेटलात तर ओळख दाखवण्याची वाट पाहू नका.

सवलतही हुकूमच आहे

मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायांनी रमजानआधीच डॉक्टरांना भेटावं. आजारी आणि प्रवासी यांनी इतर दिवसांत रोजे पूर्ण करावेत, असं १८५वी आयत सांगते, आणि त्याच आयतीत अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवाय, अडचण नकोय, असंही येतं. सवलत घेणाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहणं थांबवा.

हाच सोपेपणा स्वयंपाकघरातही न्या. सहरीला रोज एकच बाई आधी उठत असेल तर पाळी लावा. इफ्तारला पाच तळणी नसली तरी चालतं. खा, प्या आणि अतिरेक करू नका, हे सूरह आराफमध्ये स्पष्ट आहे.

रात्रीचा हिशोब

तरावीहनंतर वहीत तारीख टाका आणि तीन ओळी लिहा: आज आयत कुठे आठवली, कुठे विसरली, उद्या काय वेगळं करायचं. प्रत्येकाने उद्यासाठी काय पुढे पाठवलंय ते पाहावं, असं सूरह हश्रच्या अठराव्या आयतीत येतं. सवाब (पुण्य) मोजत बसू नका, तो आपला हिशोब नव्हे. चूक झाली तर जागा आणि वेळ लिहा. तीन दिवस त्याच जागी घसरलात तर आयत बदलू नका, त्या वेळेची व्यवस्था बदला.

शेवटच्या दहा रात्रींत नवं काही हाती घेऊ नका. इबादत वाढवा आणि दोन अशऱ्यांच्या नोंदी दुआत मांडा. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला शबेकद्र या पवित्र रात्रीच्या शोधात जागणाऱ्या एखाद्या रात्रीच्या आधी फोन करा. फितरा (ईदचं दान) ईदच्या नमाजेआधी पोहोचवा, म्हणजे त्या घरातही सकाळी शीरखुर्मा होईल.

ईदनंतर तीनही आयती सांभाळायचा हट्ट नको. थोडं असलं तरी नेमाने केलेलं काम अल्लाहला सर्वांत प्रिय, ही हदीस आहेच. जी आयत सर्वांत जड गेली ती वहीच्या नव्या पानावर उतरवा, खाली तिची वेळ आणि माणूस लिहा, आणि रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याच्या दुसऱ्या तारखेपासून फजरनंतरची दहा मिनिटं तिला द्या. माझ्या वहीत तीन वर्षं तिथे मुतफ्फिफीनच आहे, आणि वेळेपुढे लिहिलंय: संध्याकाळची गर्दी, काट्यावर आधी रिकामी पिशवी.