वर्गात नाटक घेताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, आणि नाटकांचे दिवस येतात. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगावी फिरतात आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियातली पोरं रात्र रात्र मांडवात बसतात. म्हणूनच इकडच्या वर्गात ‘नाटक करू’ म्हटलं की लाजणारं पोरगंही उठतं. मग आपण धडा बाजूला ठेवून गॅदरिंगसारखं नाटक बसवायला घेतो आणि हा उत्साह वाया घालवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे संवाद लिहून देणं. मुलं विचार करत नाहीत, पुढचं वाक्य आठवत बसतात. नागरिकशास्त्रातली ग्रामसभा घ्या आणि फक्त पेच द्या: गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात पाणी कमी आहे, धानवाल्यांना ते बांधीत (भाताच्या शेतात) हवंय, मासेमारी करणाऱ्यांना तलावात राखायचंय. कोणी काय बोलायचं ते मुलंच ठरवतील. आधी गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान किती जण हवेत, ते काढायला लावा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. पटावर 40 मुलं असतील तर 6 जण हजर हवेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तीही घ्या. तेवढा वेळ मुलगे व्हरांड्यात थांबतील. एरवी गप्प बसणाऱ्या मुली तिथे मोकळ्या होतात.

‘पाणी सोडलं त मासोऱ्या मरतीन ना जी!’ असं एखादी मुलगी तावातावानं म्हणाली, तर शुद्ध बोलायला सांगून तिला अडवू नका. तिचा मुद्दा बरोबर आहे. गोंडी बोलणारं मूल गोंडीत भांडू दे, शेजारचा सोबती इतरांना अर्थ सांगेल.

दोघं-तिघंच बोलतात आणि बाकीचे बघे होतात? ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक प्रसंग थांबवून स्वतः भूमिकेत शिरतो. तेच करा. टाळी वाजवून थांबवा आणि ‘सरपंचाच्या जागी आता कोण?’ विचारा. गोंधळ वाढला तर ओरडू नका. तुम्हीच ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) व्हा आणि वही उघडून विचारा, ‘ठरावात काय लिहू?’ मग एकेकाला नीट बोलावंच लागतं.

विषय निवडताना मात्र फार जपा. कर्ज, दारू, आत्महत्या हे विदर्भातल्या कितीतरी घरांत घडून गेलेलं असतं. ज्या मुलाच्या घरी ते घडलं, त्याच्यासमोर तो प्रसंग उभा करू नये. भूमिका जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून वाटू नका. मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या पोराला शेतकरी करा, पाटलाच्या पोराला मासेमारीची बाजू मांडू द्या.

40 मिनिटांची तासिका असेल तर खेळ विसाव्या मिनिटाला आटपा. उरलेला वेळ चर्चेचा आणि लिहिण्याचा, कारण घंटा वाजली की चर्चा राहूनच जाते. पाणी सोडा म्हणणाऱ्यांना पाणी राखण्याचा ठराव लिहू द्या आणि राखा म्हणणाऱ्यांना सोडण्याचा. धडा कुणाला किती कळला, ते त्या वह्यांतून दिसतं.