शिवजन्माच्या दोन तारखा: चौथी-पाचवीच्या हुशार मुलांसाठी इतिहासाचा एक तास

रिकाम्या जागा पाच मिनिटांत भरणाऱ्या मुलाला आणखी वीस रिकाम्या जागा देणं म्हणजे हुशारीची शिक्षा. त्याला खरा पेच द्या. शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला, हा तसा पेच आहे. दोन सलग तासिका ठेवा.

१. तिघातिघांचे गट करून प्रत्येक गटाला तीन चिठ्ठ्या द्या. चिटणीस बखर: शके १५४९, वैशाख शुद्ध २. जेधे शकावली आणि शिवभारत: शके १५५१, फाल्गुन वद्य ३. कोणी, कधी लिहिलं ते चिठ्ठीवर नको.

२. शकाचं इसवी सन करून घ्या. ७८ मिळवले की पहिलं उत्तर १६२७ बरोबर येतं, दुसरं मात्र १६२९ येतं. लगेच दुरुस्त करू नका. ‘फाल्गुनात इंग्रजी महिना कोणता असतो?’ एवढंच विचारा. जानेवारी उलटून गेलेला असतो, म्हणून ७९ मिळवायचे, हे मुलं स्वतः काढतात. ‘तारखेची जयंती की तिथीची’ हा वाद इथे हमखास निघतो. तो वेगळा आहे, बाजूला ठेवा.

३. आता खरी कसोटी. ‘कोणतं बरोबर वाटतं?’ असं विचारलंत की तास बुडाला. ‘एकोणीस फेब्रुवारीला सुट्टी असते’ म्हणत सगळे १६३० वर हात वर करतात. त्याऐवजी प्रत्येक गटाला पाच प्रश्न विचारायची मुभा द्या. जेवढं विचारलं, तेवढंच सांगायचं. कोणी लिहिलं? घटनेनंतर किती वर्षांनी? कशासाठी? एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं का?

यात दोन खड्डे आहेत. पहिला मतमोजणीचा: ‘दोघे १५५१ म्हणतात, एकच १५४९, म्हणून १५५१.’ इथे थांबवा. १५४९ सांगणाऱ्या आणखीही बखरी आहेत. नुसती डोकी मोजली तर निकाल फिरेल. दोन साधनं एकमेकांवर अवलंबून नसतील, तरच त्यांच्या जुळण्याला वजन. शकावली म्हणजे कारीच्या जेधे घराण्याकडच्या कोरड्या नोंदी, शिवभारत म्हणजे संस्कृत काव्य. वळण इतकं वेगळं असून तिथी जुळते.

दुसरा खड्डा जास्त फसवा, आणि हुशार मुलंच त्यात पडतात: ‘जुनं ते खरं.’ चिटणीस बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणून ती बाद. शिवभारत लिहिणारा कवींद्र परमानंद महाराजांच्याच काळातला, म्हणून त्याचं सगळं मान्य. पण तो पदरचा कवी. जन्मतिथीसाठी तो उपयोगी, शत्रूच्या वर्णनासाठी जपून वापरायचा. साधन विश्वासार्ह आहे का, असं विचारूच नका. कोणत्या प्रश्नापुरतं, ते विचारा. हे विचारायचं राहून गेलं तर पुढच्या तासाला ‘मग सगळंच खोटं’ म्हणणारा एक वीर उभा राहतो. त्याला १६२७ ची बाजू मांडायला लावा.

४. जेधे शकावली टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि राज्य शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली, हे आता सांगा, आधी नाही.

५. गुण उत्तराला देऊ नका. ‘कोणता कागद सापडला तर मी माझं मत बदलेन?’ यावर चार ओळी लिहून घ्या आणि त्या तपासा. ‘कोणताही नाही’ लिहिणाऱ्याची वही परत करा.