जी १२ ला पोलरायझर बसवला तेव्हा

खडकवासल्याच्या पाण्यावरची चकाकी फोटोत फार खुपायची, म्हणून माझ्या कॅनन पॉवरशॉट जी १२ कॅमेऱ्याला पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर, लावायचं ठरवलं. या कॅमेऱ्याच्या लेन्सला आटे नाहीत. लेन्सशेजारचं छोटं बटण दाबून भोवतीची रिंग फिरवून काढायची, तिथे नळीसारखा अडॅप्टर बसवायचा आणि त्याच्या ५८ मिमीच्या आट्यांवर फिल्टर.

मी आधी स्वस्तातली नळी आणली, ती आखूड निघाली. कॅमेरा चालू करताच लेन्स बाहेर आली, फिल्टरच्या काचेला टेकली आणि कर्रकन आवाज करून अडकली. काळजात धस्स झालं! लगेच नळी काढली, म्हणून लेन्स वाचली. दुसऱ्यांदा दुकानातच कॅमेरा चालू करून, पूर्ण झूम करून पाहिलं, मगच पैसे दिले.

तरी २८ मिमीला, म्हणजे झूम न करता सर्वात रुंद दृश्य घेताना, फोटोचे कोपरे काळे येत होते. पोलरायझरखाली आधीच लावलेला यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारी साधी काच) तसाच राहिला होता. तो काढला, कोपरे स्वच्छ झाले.

आता धरणावर सूर्य बाजूला घेऊन उभा राहतो, फिल्टर हळूहळू फिरवतो, आणि काठालगतचे दगड पाण्याखाली लख्ख दिसायला लागतात. फ्लॅश वापरायचा असेल तर मात्र नळी काढतो, नाहीतर तिची सावली फोटोत पडते.