कादंबरीचं परीक्षण: आधी पान, मग नाव

परीक्षणासाठी कादंबरी हातात आली की मलपृष्ठ आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचा. तिथली विशेषणं एकदा डोक्यात शिरली की ती आपल्यालाच सुचल्यासारखी वाटतात.

वाचनं दोन. पहिलं सलग, पेन्सिलीशिवाय. कंटाळा आला तेवढं पान दुमडायचं. दुसरं वाचन त्या दुमडलेल्या पानांपासून सुरू करा आणि कारण शोधा. प्रसंग पुन्हा आलाय? सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतायत? की लेखकच मध्ये घुसून भाषण देतोय? कधी वाचकालाच झोप आलेली असते, तेही मान्य करावं. टिपणापुढे पृष्ठ क्रमांक लिहा आणि आवृत्तीही, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात.

ज्या विधानासमोर उतारा ठेवता येत नाही ते खोडा. ‘भाषा जिवंत आहे’ यातून काहीच कळत नाही. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) घ्या. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ नको तिथे पेरतो; गंभीर काही बोलायला लागला की त्यातली हवा स्वतःच काढतो. असं बोट ठेवलंत की वाचकाला पुस्तक उघडून तुमच्याशी भांडता येतं. हेच शब्द आजच्या एखाद्या कादंबरीत भेटले, तर ते त्या निवेदकाच्या स्वभावातून आलेत की नेमाड्यांकडून उसने घेतलेत, ते पाहा.

पुरस्कारांबाबत सर्रास गल्लत होते. साहित्य अकादमीचा पुरस्कार एका पुस्तकाला असतो. ज्ञानपीठ सुरुवातीला एखाद्या कृतीसाठी मिळत असे, जसं खांडेकरांना १९७४चं ‘ययाति’साठी, १९८२पासून ते लेखकाच्या एकूण कामगिरीला मिळतं. नेमाड्यांचं २०१४चं. म्हणून त्यांच्या ‘हिंदू’ला ‘ज्ञानपीठविजेती कादंबरी’ म्हणणं चूक. त्यांना अकादमी मिळाली १९९१ साली, तीही ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्या पुस्तकाला. मोठ्या नावाचं वजन असं न तपासता पुस्तकावर चढतं आणि पुढचा परीक्षक तेच वाक्य उचलतो. लेखकाचं नाव झाकून एक प्रकरण वाचा. मत तेच राहतं का बघा.

लेखक मित्र असेल तर पुस्तक परत करावं. मराठीचं वर्तुळ लहान, ते दर वेळी जमत नाही. मग ओळख पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.

८०० शब्दांत कथानकाला १५० पुरे. ‘वाचनीय व संग्राह्य’, ‘मोलाची भर’, ‘समर्पक मुखपृष्ठ’ हे सरळ काढा. आणि मुख्य आक्षेप दुसऱ्या परिच्छेदात घ्या. जागा कमी पडली की कात्री शेवटून लागते. आक्षेप तिथे असेल तर छापून येते ती नुसती स्तुती, खाली तुमच्या नावासकट.