कूलर लावण्याआधी त्याच्या मागे बघा: पारव्यांच्या बाबतीत या चुका टाळा

फेब्रुवारी सरला की सोलापुरात खिडकीतले कूलर सुरू होतात. सात-आठ महिने बंद असलेल्या त्या पेटीमागे पारव्यांनी काड्या रचलेल्या असतात, विष्ठेचा थर वाळून कडक झालेला असतो. बटण दाबलं की पंखा तीच धूळ आत ओढतो आणि थेट पलंगावर सोडतो. लेकरं तिथंच झोपलेली असतात. म्हणून आधी मागचा भाग स्वच्छ करा, जुनं गवत बदला, मगच कूलर लावा.

पण स्वच्छ करताना खराटा घेऊन कोरडं झाडलंत, तर त्रास वाढेल. सुकलेल्या विष्ठेची भुकटी आणि पिसांवरची बारीक पूड श्वासातून खोल फुफ्फुसात जाते. या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशीही वाढते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तिच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. त्यामुळे दमेकरी, म्हातारी माणसं आणि लहान मुलांना या कामाला लावूच नका. प्लग काढा, खोलीकडची खिडकी बंद करा. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लावा, हातमोजे घाला. थर पाण्याने पूर्ण भिजू द्या, ओला असतानाच खरवडा, पिशवीत बांधून टाका. नंतर जागा ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा. त्यात संडासाचं ॲसिड मात्र कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खोकल्याबाबतची चूक मला सगळ्यात जास्त खटकते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये राबणाऱ्या माणसाचा खोकला सगळेच कापसाच्या धुळीवर ढकलतात. ते कारण असू शकतं. पण आढ्यावर पारवे बसत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण आपण सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार कसं? कोरडा खोकला, जिना चढताना धाप, पारव्यांच्या जागी काम केल्यावर काही तासांनी ताप आणि कणकण, ही ॲलर्जीमुळे फुफ्फुसांना आलेल्या सुजेची लक्षणं असू शकतात. साध्या एक्स-रेत ती कधीकधी दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर फुफ्फुसं घट्ट होत जातात आणि ते नुकसान भरून येत नाही.

गॅलरीत रोज मूठभर ज्वारी टाकण्यामागची माया मला समजते. पण त्याने पारव्यांचा थवाच मुक्कामाला येतो. उन्हाळ्यात पाणी जरूर ठेवा, खोलीपासून लांब, भांडं रोज घासून.

मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नका, महापालिकेला कळवा. 2006 मध्ये नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला होता, तो आपल्याच राज्यात.

जाळी लावायची असेल तर घरटं रिकामं आहे ना, ते पाहा. पारवी बहुधा दोन अंडी घालते. अठराएक दिवसांत पिल्लं निघतात आणि साधारण महिन्याभरात उडतात. तेवढे दिवस ती खिडकी बंद ठेवा.