लांबी जुळते, रुंदी अडते : बूट घेताना आणि वापरताना या चुका टाळा

बूट लवकर फाटला की आपण चामड्याला, सोलला किंवा कंपनीला दोष देतो. परंतु पुष्कळदा त्याचे आयुष्य दुकानातच कमी झालेले असते, कारण तो पायाला नीट बसलेलाच नसतो. बोटे जिथून सुरू होतात तो चवडा हा पायाचा सर्वांत रुंद भाग, आणि चालताना पाय तिथेच वाकतो. बूटही त्याच जागी वाकेल अशा बेताने घडवलेला असतो. पायाचा चवडा आणि बुटाचा चवडा एका जागी आला नाही, तर बूट भलत्याच ठिकाणी दुमडतो, वरच्या चामड्याला खोल घड्या पडून त्यांना चिरा जातात आणि सोल पुढून उघडू लागतो. म्हणून मापाचा आणि टिकाऊपणाचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे रुंदीची अडचण लांबीने सोडवणे. सात नंबर बाजूंनी दाबतो म्हणून आपण आठ नंबर घेतो. आपल्याकडे रुळलेल्या ब्रिटिश मापांत एका नंबराने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते, रुंदीत मात्र त्या मानाने फारच थोडी भर पडते. म्हणजे करंगळी दाबलेलीच राहते, टाच सुटते आणि चवडाही मागे सरकतो. हा दोष आपल्या पायांचा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी लोकांच्या पायांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले, आणि त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. ती रुळेपर्यंत दुकानात रुंदीचे पर्याय क्वचितच मिळतात, हे खरे. अशा वेळी नंबर वाढवण्याऐवजी पुढून अधिक रुंद घडणीचा दुसरा बूट मागावा.

माप नेहमी उभे राहून, शक्यतो संध्याकाळी आणि दोन्ही पायांचे घ्यावे. बसलेल्या माणसाचा पाय आखूड आणि अरुंद भरतो, दिवसभराच्या उभे राहण्याने तो थोडा सुजतो, आणि दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. नंबर मोठ्या पायाचा धरावा. ज्या जाडीचे मोजे रोज वापरतो तेच घालून जावे. बुटातली आतली गादी सुटी निघत असेल, तर ती जमिनीवर ठेवून तिच्यावर उभे राहणे ही मला सर्वांत भरवशाची परीक्षा वाटते : सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे आणि पायाची कड गादीबाहेर जाता कामा नये. ऑनलाइन खरेदीतही कागदावर पाऊल आखून त्याची लांबी-रुंदी मोजावी, कारण एकाच नंबराचे दोन कंपन्यांचे बूट सारखे निघत नाहीत.

‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नये. चामडे रुंदीत थोडे सैल होते, लांबीत होत नाही. रेक्झिन तर जवळजवळ ताणतच नाही. अस्सल चामड्याची कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला घट्ट घेतात ते योग्यच आहे, कारण तिचा पट्टा पायाच्या घडणीप्रमाणे सैलावतो. पण तो न्याय बंद बुटाला लावता येत नाही.

बूट घेतल्यावर खुपू लागला, तर आधी कारण ओळखावे. टाच घासत असेल तर नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या छिद्रापर्यंत ओवून घट्ट बांधून पाहावी. उतरणीवर अंगठ्याचे नख काळे पडत असेल तर बूट आखूड आहे किंवा पाय आत पुढे सरकतो आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी दुखण्याची वाट पाहू नये. बूट काढल्यावर रोज पाय तपासावेत. लहान मुले तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांचा बूट दोन-तीन महिन्यांनी तपासावा.

आता वापराविषयी. बांधलेल्या बुटात पाय कोंबण्याच्या सवयीने टाचेमागचा ताठ भाग मोडतो आणि मग कितीही चांगला बूट पायावर थांबत नाही. घामाने ओला झालेला बूट दुसऱ्याच दिवशी पुन्हा घातला तर तो कधीच पुरता वाळत नाही, यासाठी दोन जोड आलटून पालटून वापरणे खर्चाच्या दृष्टीनेही परवडते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, बुटांचे बरेच नुकसान भिजण्याने होते आणि त्याहून अधिक वाळवण्याच्या घाईने. उन्हात, हीटरजवळ किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवलेले चामडे आकसून कडक होते, शिवाय जोडाचा चिकट थरही सुटतो. गादी आणि नाड्या काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते ओले झाले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली सावलीत वाळू द्यावा. पूर्ण वाळल्यावरच पॉलिश किंवा क्रीम लावावे. ओल्या चामड्यावर पॉलिश लावले तर ओल आतच कोंडून बुरशी धरते. खेळाचे बूट वॉशिंग मशीनमध्ये घालू नयेत.

एक चूक मात्र काळजीपोटी होते : महागडा जोड डब्यात बंद करून ‘लग्नकार्यासाठी’ वर्षानुवर्षे जपून ठेवणे. पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या अनेक सोलांवर हवेतल्या ओलाव्याची रासायनिक क्रिया होऊन ते आतून कमजोर होतात आणि न वापरताही एके दिवशी चालता चालता त्यांचा भुगा होतो. अशा सोलला गोंदाने जोडण्यात अर्थ नसतो. संपूर्ण सोल बदलावा लागतो.

साधा उघडलेला सोलही झटपट चिकटणाऱ्या गोंदाने घरी जोडू नये. तो वाळल्यावर कडक होतो, वाकताना तडकतो, आणि त्याचा थर खरवडल्याशिवाय दुसरा जोड धरत नाही. गटई कारागीर दोन्ही बाजू घासून, सोल्युशन लावून, ते किंचित वाळल्यावर दाबून बसवतात आणि कडेने शिलाई मारतात. ती दुरुस्ती टिकते. टाचेचा खालचा थर झिजून वरच्या थराला जमीन लागण्याआधीच त्यांच्याकडे जावे, कारण तोवर फक्त टाच बदलून काम भागते.