कॉमा की टिंब? दशांश पाठवताना या चुका टाळा

(उदाहरणांतले अंक कोडमध्ये इंग्रजी समजा.)

जर्मनीत दशांशासाठी कॉमा आणि हजाराच्या गटासाठी टिंब लिहितात. अशा जर्मन सवयीच्या युजरने वेब फॉर्ममध्ये साडेबारासाठी १२,५ लिहिलं. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) कॉमापाशी थांबलं आणि १२ घेऊन मोकळं झालं. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, अर्धा मात्र गेला. बिनबोभाट चुकलेला आकडा हाच इथला खरा धोका. क्रॅश झाला तर उलट सुटलो म्हणायचं. त्यापेक्षा जावास्क्रिप्टचंच नंबर() बरं, ते सरळ नॅन (‘हा आकडा नाही’) देतं. पण रिकाम्या स्ट्रिंगचं ते ० करतं, आणि टाइप नंबरच्या इनपुटमध्ये वेडंवाकडं लिहिलं की व्हॅल्यू रिकामीच येते. म्हणून आधी रिकामं तपासा.

सर्रास दिसणारा ‘उपाय’ म्हणजे कॉमाच्या जागी टिंब. १.२३४,५६ चं १.२३४.५६ होतं, पार्सफ्लोट त्यातून १.२३४ उचलतं, बाराशेचे सव्वा झाले. इंग्रजी पद्धतीच्या १,२३४ चीही तीच गत. आणि नुसतं १.२३४ बघून ते जर्मन की इंग्रजी, हे कुणालाच सांगता येणार नाही. अंदाज बांधू नका, युजरचा लोकेल (भाषा-प्रदेशाप्रमाणे आकडे लिहायची पद्धत) घ्या. जावास्क्रिप्टमध्ये लोकेलप्रमाणे आकडे मांडणाऱ्या इंटल.नंबरफॉरमॅटच्या फॉरमॅटटूपार्ट्समधून त्याची दोन्ही चिन्हं काढा, आधी गटाचं चिन्ह उडवा, मग दशांशाचं टिंब करा. फ्रेंचमध्ये गटासाठी अरुंद, न तुटणारी स्पेस (यू+२०२एफ) येते, युजर मात्र साधी स्पेस मारतो, दोन्ही काढा. मराठी लोकेलमध्ये हाच फॉरमॅटर देवनागरी अंक देतो, ते नंबर() ला कळत नाहीत. पायथनचं फ्लोट मात्र ते बिनतक्रार वाचतं!

वायरवर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीत, नेहमी टिंब. जेसनला (डेटा पाठवायच्या फॉरमॅटला) दुसरं चालत नाही, त्यामुळे लोकेलप्रमाणे आकडा लिहिणाऱ्या टूलोकेलस्ट्रिंगचं आउटपुट सर्व्हरकडे पाठवू नका.

सर्व्हरवर डॉट नेट जास्त फसवतं. जर्मन कल्चरमध्ये (डॉट नेटमध्ये लोकेलला कल्चर म्हणतात) डेसिमल.पार्सला १२.५० दिलं की १२५० मिळतात, कारण टिंब हजाराचं समजून गाळलं जातं. त्यात एएसपी डॉट नेटचं मॉडेल बाइंडिंग (आलेली माहिती कोडमध्ये भरणारा भाग) क्वेरी स्ट्रिंग, म्हणजे यूआरएलमधली माहिती, इन्व्हेरियंट कल्चरने (कुठल्याही देशाला न बांधलेलं, दशांशाला टिंब मानणारं) वाचतं आणि पोस्ट केलेला फॉर्म चालू कल्चरने. तोच आकडा, दोन वाटांनी दोन किमती. पार्स करताना इन्व्हेरियंटकल्चर स्वतः द्या. जावाचं डबल.पार्सडबल टिंबच मानतं, पण स्ट्रिंग.फॉरमॅट मशीनचा लोकेल घेतं. हाताने जोडलेल्या जेसनमध्ये कॉमा शिरतो तो इथून.

टेस्ट सर्व्हर जर्मन लोकेलवर चालवा आणि १२३४.५ व ०.१२५ हे दोन आकडे फॉर्ममधून डेटाबेसपर्यंत नेऊन परत स्क्रीनवर आणा. दुसरा १२५ झाला, तर टिंब कुठेतरी हजाराचं धरलं जातंय.